कुंभेरीचं न भरणारं कोठार

मंडळी, विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? कोठारात धान्य आणून ओतणाऱ्यावर, की कोठाराची किल्ली कमरेला लावून फिरणाऱ्यावर? चाळीस वर्षं ज्वारी-बाजरीच्या व्यापारात काढली, तरी मला झटकन उत्तर देववत नाही. त्यापेक्षा धुरपाची गोष्ट ऐका.

कुंभेरीच्या राजाने निंबगिरीचं राज्य जिंकलं आणि तहात लिहून घेतलं, "लढाईच्या खर्चापोटी निंबगिरीने आमचं मोठं कोठार ज्वारीने भरून द्यावं. भरलं की भरपाई फिटली."

चार वर्षं गाड्या येत राहिल्या, कोठार काही भरेना. भरणार कसं? वरच्या झरोक्यातून ज्वारी पडायची, आणि खालच्या दारातून राजाचा मुदपाकखाना, पागेतले घोडे, शिपायांचा शिधा, सगळं चालायचं!

पाचव्या वर्षी निंबगिरीत फक्त बियाणं उरलं. तेही गेलं तर पेरायचं काय? दरवर्षी गाड्यांबरोबर येणाऱ्या निंबगिरीच्या मापाऱ्याचे गुडघे धरले होते, म्हणून या खेपेला बियाण्याच्या गाड्यांबरोबर त्याची मुलगी धुरपा आली.

"महाराज, आत किती आहे ते आधी मापते," ती म्हणाली. "म्हणजे किती कमी पडतंय ते कळेल."

"माप की. पण तुझ्या बापाला चार वर्षांत जमलं नाही, ते तुला जमणार?"

"बाबा बाहेरून ओतत होते, महाराज. मी आत बसते."

धुरपाने ज्वारीच्या ढिगाला हळदकुंकू वाहिलं, पूर्वेला तोंड केलं आणि पहिली पायली भरून मापाऱ्याच्या रीतीने 'एक' न म्हणता म्हणाली, "लाभ." मग खडे वेचत वेचत दुसरी भरली. "दोन."

दुपारी आचारी पाटी घेऊन आला आणि दारातच थबकला. "अगं, रास मांडलीस?"

"मांडली, मामा. मांडलेल्या राशीतला दाणा मापून होईपर्यंत तुमच्याकडे कोणी उचलतं का?"

आचारी रिकामी पाटी घेऊन परतला. मागोमाग पागेवालाही. घरातली लक्ष्मी बाहेर घालवायची कोणाची छाती?

तिसऱ्या दिवशी राजाच्या ताटात नुसती भाजी आली. घोडे खांब कुरतडू लागले. राजा तणतणत कोठारात आला.

"किती झाल्या?"

"एकतीस."

"आणि संपणार कधी?"

"घाई कसली, महाराज? चार वर्षांत आम्ही दोन कोठारं होतील एवढी ज्वारी ओतली. तेव्हा आपण कुठे घाई केलीत?"

"शिपायांकडून उचलून नेईन!"

"न्या की. फक्त पहिली पाटी आपण भरा."

राजाने मागे पाहिलं. सगळे शिपाई शेतकऱ्यांच्या घरचे. एकजणही पाटीला हात लावेना. आणि कुंकवाकडे पाहिल्यावर राजाचाही हात पुढे होईना.

"ही रास उठवायचं काय घेशील, पोरी?"

"काही नको. कोठार भरलं, एवढं म्हणा. भरलेलं कोठार मापायला कोण कशाला बसेल?"

राजा एवढा हसला की पागोटं कानावर आलं. "भरलं गं बाई, शिगोशीग भरलं! अरे, भरपाई फिटल्याचा कागद लिहा, आणि आधी भाकऱ्या टाका."

बियाण्याच्या गाड्या भरल्या तशा परत गेल्या. पुढच्या गाडीला राजाने दिलेली नवी बैलजोडी होती, आणि गाडी हाकायला धुरपा.

तेव्हा मंडळी, एक विनंती. घरच्या कणगीत किती घातलं ते लिहिताच आहात, तर काढलं किती, तेही खरंखरं लिहीत चला.