भिवराबाईची भट्टी

फार पूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका नगरात भिवराबाई नावाची रंगारीण राहत होती. तिच्या भट्टीतला तांबडा रंग कितीही धुतला तरी उतरत नसे.

त्या राज्याचा एक नियम होता. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडे राजमुद्रेचा बिल्ला हवाच.

एकदा राजकन्येचं लग्न ठरलं आणि वऱ्हाडाची सगळी पागोटी रंगवायचं काम भिवराबाईकडे आलं. घरचे कारागीर पुरणार नव्हते. तिनं एका मुकादमाला बोलावलं, त्याचा बिल्ला नीट निरखला आणि निर्धास्त झाली.

नवी माणसं कामाला लागली. घरचे कारागीर सावलीत बसून जेवत, मुकादमाची माणसं उन्हात उभ्या उभ्या भाकरी चावत. भिवराबाईला ते खुपलं. पण ‘त्यांचं मुकादम बघेल’ म्हणून तिनं मान फिरवली.

एका दुपारी म्हाळसा नावाची मजूर बाई भोवळ येऊन कढईपाशी कोसळली. सकाळपासून तिनं बूड टेकलं नव्हतं. उकळता रंग तिच्या हातावर सांडला.

मुकादम धावत आला, पण म्हाळसेकडे त्यानं पाहिलंही नाही. “बाई, तुमचं काम अडणार नाही. उद्या हिच्या जागी दुसरी आणतो.”

भिवराबाई म्हाळसेकडे धावली. “जाळ विझवा!” ती ओरडली. “आणि वैद्यांना बोलवा!”

तिचे दिवाणजी कानाशी लागले. “बाईसाहेब, राजवाड्याचं काम आहे. बिल्ला पाहून माणसं घेतली, आपला काय दोष?”

“माझ्या भट्टीवर भाजली ती, दिवाणजी. दोष आणखी कुणाचा असणार?” मग ती मुकादमाकडे वळली. “यापुढं घरच्यांना जी सावली, जी विश्रांती, तीच यांनाही मिळेल. तरच काम चालेल.”

“माणसं माझी आहेत. तुम्ही कोण सांगणार?” मुकादम गुरगुरला आणि सगळ्यांना घेऊन निघून गेला. म्हाळसा तेवढी मागं राहिली.

भिवराबाईनं तिला स्वतःच्या घरी ठेवलं. चार पावलं चालायची ताकद येताच दोघी चावडीवर गेल्या. अधिकाऱ्यानं सगळं ऐकून मुकादमाचा बिल्ला काढून घेतला. मग तो भिवराबाईला म्हणाला, “बिल्ला आम्ही दिला होता हे खरं. पण माणसं रोज तुमच्या डोळ्यांसमोर होती. तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही विचारलंत?”

भिवराबाईची मान खाली गेली. “चुकले,” ती म्हणाली. “पुन्हा असं होणार नाही.”

तोवर निम्मी पागोटी दुसऱ्या रंगाऱ्याकडे गेली होती. दिवाणजी हळहळले, पण भिवराबाई डगमगली नाही. तिनं कढयांभोवती दगडी कठडे बांधून घेतले, अंगणात मोठा मांडव घातला आणि मगच बिल्ला असलेला दुसरा मुकादम शोधला.

नवी माणसं आली त्या सकाळी दिवाणजी चकमक घेऊन उभेच होते. भिवराबाईनं त्यांना हातानं थांबवलं. मुकादमाला ओलांडून ती मजुरांसमोर गेली.

“काल कुठं निजलात? सकाळी काही खाल्लंत का?”

सगळे मुकादमाच्या तोंडाकडे बघू लागले.

“त्यांना नाही, तुम्हाला विचारतेय,” ती म्हणाली.

मग एक जण बोलला, त्याच्यामागून दुसरा. शेवटच्या माणसाचं ऐकून झालं, तेव्हाच भट्टी पेटली.

तात्पर्य इतकंच: परवाना पाहून माणसं कामाला घेता येतात, पण त्यांची जबाबदारी परवान्यावर सोपवता येत नाही.