पाय वाळायच्या आत

एका राज्यात, नदीच्या घाटावर, दोन बाया घागरी घासत होत्या. एक दुसरीला म्हणत होती, "वाड्यावर जेवायला गेलेला पाहुणा माघारी येत नाही. का येत नाही, ठाऊक आहे? राजा म्हणे त्याला..."

तेवढ्यात दवंडीवाल्याचा डफ वाजला. बोलणारीने तोंड मिटलं, घागर कमरेवर घेतली आणि ती चालती झाली. अर्धं वाक्य पायरीवरच राहिलं.

आता अर्धं ऐकलेलं कोणाला पचतं? खालच्या पायरीवर धुणं आपटणाऱ्या बाईने ते उचललं, घरी नेलं, शेजारणीला दिलं. शेजारणीने थोडं मीठमसाला लावून पुढच्या घरी धाडलं. दिवे लागेपर्यंत गोष्ट पुरी झाली होती: राजा पाहुण्यांना कापून खातो, आणि आपण सदा तरुण राहावं म्हणून जाणूनबुजून खातो.

हे ऐकून सगळ्या नगरीने दारं लावून घेतली. एका घराचं दार मात्र उघडं होतं. ते घर चिमाईचं.

चिमाईचा नवरा येसजी घोड्यांचा सौदागर होता. राजाला पांढरी घोडी पसंत पडली, म्हणून राजाने त्याला ताटावर बोलावलं. येसजी नवा फेटा बांधून गेला, तो आलाच नाही. सासरच्या माणसांनी तिला सांगितलं, कुंकू पुसू नकोस, पण वाटही पाहू नकोस. चिमाईने पहिलं ऐकलं, दुसरं नाही. ती चुलीवरचा तवा उतरवत नव्हती. येसजीची सवयच तशी होती हो. वाटेत जो भेटेल त्याला घेऊन यायचा, उंबऱ्यावरूनच ओरडायचा, "चिमे, पाहुणे आलेत!" आणि पाहुण्याने पाय धुऊन पाट गाठेपर्यंत चिमाईच्या तव्यावर काहीतरी चुरचुरत असायचं. आळीतल्या भिंती पातळ. तो वास आम्हा सगळ्यांना पाठ होता.

त्या दिवशी दवंडी पिटली ती अशी: उद्या महाराजांचा वाढदिवस. उद्या सायंकाळी तितरांचं मोठं ताट. ऐका हो ऐका.

दवंडी संपली आणि चिमाईच्या परसातल्या डाळिंबावर एक तितर येऊन बसला. त्याला शेपूट नव्हती. तो माणसासारखा बोलला.

"बाई, मी भाट आहे. राजाचं यश गायला गेलो होतो. पिंजऱ्यातून निसटलो, शेपूट आत राहिली. तुझा धनी अजून आतच आहे."

चिमाईने हातातलं सूप खाली ठेवलं. "जिवंत आहे?"

"उद्या सायंकाळपर्यंत."

मग तितराने सांगितलं ते असं. फार वर्षांपूर्वी, राजा रत्नध्वज नवा गादीवर बसला तेव्हा, कराळ नावाचा मांत्रिक आपल्या लहानग्या लेकाला घेऊन वाड्यावर पाहुणा आला. सेवकांनी त्यांचे पाय धुतले आणि त्यांना पडवीत बसवलं. आत मटणाच्या देगा कणकेने बंद करून निखाऱ्यावर ठेवल्या होत्या. वाड्याची रीत अशी की ताट पुरतं मांडून झाल्याशिवाय, आणि राजाने पहिला घास घेतल्याशिवाय, पाहुण्याने अन्नाला शिवायचं नाही. वास येत राहिला. ताट येईना. लेकरू आधीच उपाशी, लांबचं चालून आलेलं. बापाच्या मांडीवर डोकं ठेवून ते निजलं ते उठलं नाही. कराळाने त्याच्या पायांना हात लावून पाहिला. धुतलेले पाय वाळून कोरडे झाले होते. तो म्हणाला, "या घरी घास मिळण्याआधी ज्या पाहुण्याचे पाय वाळतील, तो तितर होईल." आणि लेकाला खांद्यावर घालून तो डोंगरात निघून गेला.

"आणि राजाला हे ठाऊक नाही?"

"सेवकांनी राजाला सांगितलं, पाहुणा कंटाळून निघून गेला. पुढेही तेच सांगत आले. पडवी रिकामी दिसते, बागेत एक तितर दिसतो. राजाला वाटतं, आपला पाहुणचार कमी पडला. मग तो ताटात आणखी एक पदार्थ वाढवतो. पदार्थ वाढला की वेळ वाढतो."

चिमाईने सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "उतारा?"

"लागोपाठ तीन पाहुण्यांना पाय वाळायच्या आत गरम मांसाचा घास मिळाला पाहिजे. तिसरा पाहुणा कोण असेल, ते मी सांगणार नाही. तू घाबरशील."

"मी घाबरलेलीच आहे," चिमाई म्हणाली. तिने तवा उचलला, वाटणाचा डबा कमरेला बांधला, आणि उजाडताच ती वाड्यावर गेली.

रत्नध्वजाने सगळं ऐकून घेतलं. हसला नाही, रागावलाही नाही. त्याचा चेहरा मात्र राखेसारखा झाला.

"बाई, मी तितर खाल्ले आहेत," तो म्हणाला. "दर सणाला खाल्ले आहेत. तू म्हणतेस ते खोटं ठरलंच पाहिजे."

"मग ठरवा, महाराज. तीन पाहुणे माझ्या हाती द्या. एकही तितर झाला तर मला त्याच पडवीत पाय धुऊन बसवा. तिघेही माणूस राहिले तर पिंजरा उघडा."

"दिलं," राजा म्हणाला.

मुदपाकखान्याचा मुख्य आचारी हैबतराव. पोट असं की आधी ते दारातून येई, मग तो. त्याने चिमाईचा तवा पाहिला आणि मिशीतल्या मिशीत हसला.

"ह्याच्यावर राजाचा पाहुणचार करणार? काय रांधणार, मावशी?"

"कलेजी."

"कलेजी! ती आम्ही कुत्र्यांना घालतो."

"म्हणजे तुमच्या वाड्यावर कुत्री वेळेवर जेवतात," चिमाई म्हणाली. "सरका जरा. उजेड अडतोय."

पहिला पाहुणा आला तो सरहद्दीवरचा घोडेस्वार. उन्हातून दौडत आलेला, टाचा तापलेल्या. सेवकाने पाणी ओतलं तसं ते सुकायलाच लागलं. चिमाईचा तवा तोवर धुरावला होता. तिने बकऱ्याची कलेजी पातळ चिरून ठेवली होती. तुपात ठेचलेला लसूण पडला, त्यावर कलेजी, वरून भरडलेले मिरे. एक बाजू झाली, उलटली, दुसरी झाली. मीठ तिने अगदी शेवटी टाकलं, कारण आधी टाकलं तर कलेजी चामड्यासारखी होते. वर लिंबू पिळलं आणि पानावर वाढून ती धावली. स्वाराच्या बोटांच्या बेचक्यांत अजून पाणी होतं. त्याने खाल्लं, बोटं चाटली आणि विचारलं, "आणखी आहे का, वहिनी?"

तो माणूसच राहिला.

दुसरी आली एक म्हातारी जोगतीण. तिच्या अंगात ताप होता, पाय निखाऱ्यासारखे. तोंडात दात नव्हता. तिला कलेजी काय चावणार? चिमाईने मटणाचा खिमा पुन्हा सुरीखाली घेतला, लोण्यासारखा केला. त्यात आलं, कोथिंबीर, भाजलेल्या डाळ्यांचं पीठ. तळहातावर थापून कागदासारख्या पातळ वड्या तव्यावर सोडल्या. जाड वडी आत कच्ची राहते, पातळ वडी बोलेपर्यंत होते. म्हातारीच्या घोट्यावर शेवटचा थेंब लोंबत होता तेव्हा घास तिच्या तोंडात गेला. ती हिरड्यांनी चघळत म्हणाली, "पोरी, तुझा माणूस भाग्याचा गं."

चिमाईने पदराने डोळे पुसले आणि तवा पुन्हा चुलीवर ठेवला. तोवर दुपार कलली होती. बाहेर हैबतरावाची माणसं पिंजऱ्यातले तितर चाचपून पाहत होती. कोणता भरला आहे, कोणता नाही. वाड्याच्या भिंतीच्या आत तितरांना वाचा नव्हती. ते नुसते पाहत होते.

मग वारा पडला. झाडांची पानं थांबली. दारात एक उंच माणूस उभा राहिला. त्याच्या खांद्यावर काहीच नव्हतं, तरी तो खांदा वाकला होता, जणू कोणीतरी तिथे झोपलं आहे.

"मी कराळ," तो म्हणाला. "पाय धुवा माझे."

सेवक पुढे होईनात. चिमाईने स्वतः तांब्या घेतला. पाणी ओतलं तसं त्याच्या पायांवरून चर्र आवाज झाला आणि वाफ उठली. तापल्या तव्यावर थेंब जितका टिकतो, तितकाच तिथे टिकत होता.

"मला तितर हवा," कराळ म्हणाला. "आणि तो या घरच्या धन्याने आपल्या हाताने भाजलेला हवा."

चिमाईने पाण्याची धार तुटू दिली नाही. तिने घडा जवळ ओढला आणि ती त्याच्या पायांशी बसली. एक तांब्या रिकामा होतोय तोवर दुसरा भरून ओतत राहिली. पाणी होतं तोवर पाय ओले होते.

"महाराज," ती मान न वळवता मागे उभ्या राजाला म्हणाली, "मी इथून उठले तर यांचे पाय वाळून हेही तितर होतील, आणि उतारा त्यांच्याबरोबर जाईल. आता तुम्हीच जा."

रत्नध्वज जन्मात कधी मुदपाकखान्यात गेला नव्हता. तो गेला. पिंजरा दाराशीच होता. त्याने कडी काढली, आत हात घातला. एक तितर त्याच्या हाताशी आला. पळाला नाही. त्याचा एक पंख मोडलेला होता. राजाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि हात मागे घेतला.

"महाराज, मी मुरगाळून देतो," हैबतराव म्हणाला. "तुमचे हात कशाला..."

"हात लावलास तर तुझा हात तोडीन."

बाहेर चिमाई पाणी ओतत होती आणि बोलत होती. तिला गप्प बसता येत नव्हतं. तिने कराळाला विचारलं, "लेकाचं नाव काय होतं?" इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"वेणू," तो म्हणाला.

"काय आवडायचं त्याला?"

"जळकं," कराळ म्हणाला. "कडेचं, करपलेलं. चांगला तुकडा मला द्यायचा आणि स्वतः करपलेला घ्यायचा."

घड्याचा तळ दिसू लागला.

राजाने फळीवरचा मटणाचा एक तुकडा कट्यारीने पातळ कापला. कट्यारीच्याच टोकाला खोचला आणि निखाऱ्यांत धरला. मूठ तापली, बोटं भाजली, तरी सोडली नाही. मीठ घालायचं त्याला ठाऊक नव्हतं. एका बाजूला तुकडा करपला, दुसऱ्या बाजूला लाल राहिला. तसाच घेऊन तो धावत आला. राजाला धावताना वाड्यात कोणी पाहिलं नव्हतं.

चिमाईने शेवटचा तांब्या ओतला.

"मी तितर मागितला होता," कराळ म्हणाला.

"तितर या घरी पुन्हा कापला जाणार नाही," राजा म्हणाला. "हे बकऱ्याचं आहे. अळणी आहे, करपलं आहे. मला दुसरं येत नाही. पाय ओले आहेत तोवर घ्या."

कराळाने तुकडा घेतला. करपलेली कड तोडून जमिनीवर ठेवली, आणि उरलेला आपण खाल्ला. मग त्याचा खांदा हळूहळू सरळ झाला. तो दारातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या पावलांचे ओले ठसे फरशीवर उमटत गेले.

पिंजरा मोडला. तितर होते तिथे माणसं उभी राहिली: व्यापारी, कीर्तनकार, एक लमाणी, शेजारच्या राज्याचा वकील. चिमाईच्या डाळिंबाखाली भाट उभा राहिला. येसजी सगळ्यांच्या मागून आला. त्याचा डावा हात खांद्यापासून लोंबत होता. तो चिमाईजवळ येऊन खालीच बसला. आत असताना कोण कोण नेलं गेलं, हे त्याने पाहिलं होतं.

राजा अंगणात धावला. वाड्याच्या बाहेरच्या दारापर्यंत गेलेल्या कराळाला त्याने हाक मारली. "आणि ते? जे माझ्या ताटात आले, ते?"

"ते ताटातच राहिले," कराळ म्हणाला. मागे न पाहता तो गेला.

त्या दिवसापासून वाड्याची रीत पालटली. पाहुण्याचे पाय राजा स्वतः धुतो, आणि ताटाची वाट न पाहता पडवीतच त्याला पहिला घास मिळतो: कलेजी, नाहीतर खिम्याच्या वड्या. हैबतराव पहाटे उठून तवा तापवतो आणि मीठ शेवटी टाकतो. देगा आहेत, पण पाहुणा जेवायला लागल्यावर उघडतात. राज्यात तितर मारायला बंदी आहे. राजा आता मांसाला शिवत नाही. त्याचे केस त्याच आठवड्यात पांढरे झाले.

चिमाई घाटावर आली तेव्हा बायांनी तिला गराडा घातला. "मग काय, खरं होतं का? राजा पाहुण्यांना खातो ते?"

"खाल्ले, ते खरं," चिमाई म्हणाली. "जाणून खाल्ले, ते खोटं. तरुण राहायला खाल्ले, तेही खोटं."

बऱ्याचजणींना थोडं बरं वाटलं. मग वरच्या पायरीवरून तीच बाई खाली आली, जिचं वाक्य त्या दिवशी अर्धं राहिलं होतं. तिचा भाऊ गेल्या दिवाळीला वाड्यावर जेवायला गेला होता.

"येसजीला विचारशील का गं," ती म्हणाली, "त्याच्या उजव्या भुवईवर खूण होती."

कोण कोण ताटात गेलं, हे चिमाईने येसजीला आधीच विचारलं होतं. तिने घागर खाली ठेवली, त्या बाईचा हात धरला आणि तिला पाण्यापासून दूर, पायरीवर बसवलं.