धनेशाचे दुखणे

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात, बेहड्याच्या उंच झाडावर धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. धनेशांची रीत जगावेगळी. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून टाकते. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. आत तिची पिसे झडतात, त्यामुळे तिला उडता येत नाही. पिल्ले मोठी होईपर्यंत नराने उंबरे आणायची आणि फटीतून भरवायची. नर आला नाही, तर आतल्यांना उपास घडतो.

आपला हा धनेश भारी कामसू होता. उजाडायच्या आत त्याच्या पंखांचा घुमणारा आवाज ऐकू आला की खार म्हणे, "निघाली बाई धनेशीणबाईंची न्याहारी!"

पण त्या वर्षी दोन पिल्ले अंड्यांतून बाहेर आली आणि धनेशाला काय झाले कोण जाणे. आधी त्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मग एके दिवशी तो समोरच्या ऐनाच्या फांदीवर जो बसला, तो उठेचना. तिथून ढोली दिसत होती. पिल्लांचे ओरडणे ऐकू येत होते. तरी तो मान खाली घालून बसून राहिला.

वानर आला. त्याने धनेशाला सगळीकडून न्याहाळले. "पंख धड आहेत, चोच धड आहे. मग दुखतंय कुठे?"

"कुठे ते सांगता येत नाही, दादा," धनेश म्हणाला. "सकाळ झाली की नकोसं वाटतं. उंबर तोंडात धरलं तर मातीसारखं लागतं."

"हा शुद्ध आळस! मनावर घे आणि ऊठ बघू."

कावळा तर त्याच्याही वरताण. "पोरं तिकडे टाहो फोडतायत आणि तू इथे बसलायस? लाज कशी वाटत नाही रे तुला?"

लाज तर धनेशाला इतकी वाटत होती की तो कुणाकडे बघतसुद्धा नव्हता. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना ते कसे कळावे?

आणि हेच प्राणी काही वाईट नव्हते बरे का! मागल्या वर्षी पलीकडच्या एका धनेशाचा पंख मोडला, तेव्हा सारे जंगल धावून गेले होते. वानराने उंबरे तोडली, खारीने ती ढोलीपर्यंत पोचवली, आणि जंगलाचा वैद्य म्हणजे मुंगूस, त्याने पंखाला पाल्याचा लेप लावला. या वेळी मात्र मुंगसाला कुणी बोलावलेच नाही. "जखमच नाही, तर वैद्याला दाखवणार काय?" असे वानर म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटले.

इकडे ढोलीत धनेशीण फटीला डोळा लावून बसलेली, पण तेवढ्याशा फटीतून ती फांदी काही दिसत नव्हती. आपल्याला टाकून नवरा मजेत हिंडतो आहे, असेच तिला वाटत होते. तिने जवळचे होते नव्हते ते पिल्लांना भरवले. एका सकाळी धाकट्याचे ओरडणे थांबले. तिने त्याला चोचीने हलवले, पुन्हा हलवले. ते गार पडले होते.

तेव्हा धनेशिणीने चोचीचे घाव घालून भिंत फोडली. पिसे नसलेली ती, नख्यांनी साल धरत, घसरत, पडत खाली उतरली. समोरच्या ऐनावर तो बसलेला दिसताच पाचोळ्यातून चालत ऐनापाशी गेली आणि वेलीला धरून वर चढली. नवऱ्याला काय काय बोलायचे ते तिने वाटेत जुळवून ठेवले होते.

पण फांदीवर पोचली आणि ती थबकली. फांदीखाली उंबरांचा खच पडून कुजत होता. फेऱ्या कमी झाल्या त्या दिवसांत इथवर आणलेली आणि पुढे नेता न आलेली उंबरे होती ती. त्याने स्वतःही त्यातले एक खाल्ले नव्हते. त्याच्या छातीचे हाड वर आले होते.

"मला ऐकू येत होतं गं," धनेश म्हणाला. "रोज ऐकू येत होतं. पण उठताच येत नव्हतं."

धनेशिणीचा सगळा राग गळून गेला. "धाकटं गेलं," एवढेच ती म्हणाली आणि त्याला टेकून बसली. दोघेही खूप रडले. मग तिने मान वर करून हाक दिली, "अरे, हा आजारी आहे! वैद्याला बोलवा कुणीतरी!"

मुंगूस आला. त्याने धनेशाचे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. "हे मनाचं दुखणं आहे. याला औषध लागतं," तो म्हणाला.

"पण जखम कुठे आहे?" वानराने विचारले.

"सापाचं विष अंगात भिनतं, ते तुला दिसतं का रे? तेव्हा नाही कुणी म्हणत, मनावर घे आणि ऊठ! मला आधीच बोलावलं असतं तर..." वानराने मान खाली घातली.

त्या दिवसापासून मुंगूस रोज मुळीचा रस देऊ लागला. वानर आणि खार उंबरे पोचवू लागली. मागे राहिलेल्या थोरल्या पिल्लाने ढोलीचे तोंड आतून पुन्हा लिंपून घेतले; आई बाहेर पडली की पिल्लांनी असे करायचे, ही धनेशांची रीतच. कावळा येई, पण आता नुसता शेजारी बसे. धनेशाला बरे वाटायला फार दिवस लागले. मधे एकदोनदा तो पुन्हा खचलाही. तेव्हा कुणी त्याला बोल लावला नाही.

मग एके सकाळी पंखांचा तो घुमणारा आवाज जंगलाने पुन्हा ऐकला. धनेश ढोलीपाशी उतरला. फटीतून थोरल्याची चोच बाहेर आली. धनेशाने तिच्यात उंबर ठेवले. मग दुसरे उंबर चोचीत धरून तो दुसऱ्या चोचीची वाट बघत थांबला.

"तेही त्यालाच दे," समोरच्या फांदीवरून धनेशीण हळूच म्हणाली.

तात्पर्य : मनाचा आजार डोळ्यांना दिसत नाही, पण तो मोडलेल्या पंखाइतकाच खरा असतो, आजाऱ्याला बोल लावण्याआधी वैद्याला हाक मारावी, आणि ती वेळेवर मारावी.