गालावरचा हात

ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, असं आईने मला बजावलं होतं. पण तिला ऑपरेशनं शिकवणारे ताम्हनकर सर आता नाहीत, आणि त्यांची आठवण निघाली की आई अजून आपला तळवा बघत बसते.

"सर, अजून किती दिवस मी नुसती पेशंटच्या गालावर हात ठेवून बसू?"

आई, म्हणजे तेव्हाची डॉक्टर रेवती, कानाची ऑपरेशनं शिकत होती. कानाच्या हाडातून चेहऱ्याची नस जाते. ती तुटली तर चेहरा कायमचा वाकडा. मिरजेच्या त्या दवाखान्यात तेव्हा नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र नव्हतं. सर हाड कोरायचे आणि विद्यार्थ्याने हिरव्या चादरीखाली हात घालून पेशंटचा गाल धरायचा. नसेला जरा धक्का लागला, की गाल उडतो.

"कंटाळलीस?"

"नसेचा रस्ता मला तोंडपाठ आहे, सर."

सर हात धुवायला वळले.

त्या सकाळी टेबलावर बाबू गुरव होते. देवळात सनई वाजवणारे. भूल देण्याआधी ते रेवतीला म्हणाले, "डाक्टरीणबाई, कान गेला तरी चालंल. गाल तेवढं सांभाळा."

सरांनी ड्रिल रेवतीपुढे केलं. स्वतः स्टुलावर बसले आणि चादरीखाली हात घातला.

ती कोरू लागली. हात सफाईने चालला होता.

"थांब. गाल उडाला."

"शक्य नाही, सर. नस इथे नसतेच."

"उडाला."

तिने पाणी मारलं. हाडाच्या भुशाखाली एक पांढरा दोरा चमकला. थोडा आत, आणखी एक. या माणसाची नस मध्येच दुभंगली होती, आणि तिची एक फांदी भलत्याच वाटेने वर आली होती.

रेवतीने ड्रिल बाजूला घेतलं.

"तुम्ही करा, सर..."

"तूच कर. हळू."

संध्याकाळी बाबू गुरवांनी गाल फुगवून दाखवले. दोन्ही सारखे.

"वाजंल की!" ते म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात सर बशीतला चहा फुंकत उभे होते.

"सर, तिथे नस आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मग ड्रिल माझ्या हाती का दिलंत?"

सरांनी सावकाश चहा संपवला...

"तुला रस्ता तोंडपाठ. गाल उडाला तरी तुला खरं वाटलं नसतं. आज तुला गालावर बसवायची भीती वाटली, रेवतीबाई."