मोगरीच्या चौकातली चाळीस पावलं

या, या सावलीत. माझ्याकडे तोंड करून बोला आणि जरा हळू. देऊळ नाही हे, चौकच आहे, पण इथे हळूच बोलतात. तो शेंगदाणेवाला बघा, त्या वळणापर्यंत ओरडत आला आणि चौकात पाय पडल्याबरोबर तोंड मिटलं त्याने. त्याला कुणी शिकवलं नाही, बापाला बघून आलं ते. सगळ्या तंजावरात असा चौक दुसरा नाही. लग्नाची वरात आली तरी वाजंत्री तिकडेच थांबते.

अहो, त्या दगडावर नका बसू. पलीकडे पार आहे, तिथे बसा. या दगडावर दोन खळगे दिसतात ना, ते पावलांचे आहेत. मी सेतुराव. या चौकात रथाला मोगरी लावायचा मान आमच्या घराण्याचा आहे. मोगरी म्हणजे रथाच्या चाकापुढे सारायची लाकडी पाचर. रथाला लगाम नसतो. दोरखंड ओढणारे तीनशे असतात, पण थांबवायला फक्त दोघे, एकेका चाकाशी एकेक.

चौक तुम्हाला सपाट वाटत असेल. नाही तो सपाट. या दगडापासून तळ्याच्या पायऱ्यांपर्यंत चाळीस पावलं आहेत आणि सगळा उतार आहे. त्या पायऱ्यांवर बायका पोरं घेऊन बसतात, कारण वेणुगोपाळाचं मुख तिथूनच नीट दिसतं. मोगरीवाला चाकाशी वाकलेला असतो, त्याला पुढचं काही दिसत नाही. रथापुढे एक जण उलटा चालत असतो, तो हाक देतो. हाक आली की मोगरी सारायची. जरा उशीर झाला तर चाक मोगरीवर चढतं, आणि मग खाली पायऱ्याच आहेत.

फार जुनी गोष्ट, राजांच्या अमदानीतली. साल कुणी सांगत नाही. आमचा मूळपुरुष कोंडोजी तेव्हा मोगरी लावीत असे. वीस वर्षं ढोलांना खेटून चालल्यामुळे त्याचे कान गेले, असं सांगतात. एका दिवसात नाही, हळूहळू. त्याने ते कुणालाही कळू दिलं नाही. कळलं असतं तर मान दुसऱ्या घरी गेला असता. आमचंच घराणं, पण सांगतो, हे त्याने वाईट केलं.

हाक ऐकू येत नसताना निभत कसं होतं? तर रथाच्या खालून पलीकडच्या चाकाचा जोडीदार दिसे. त्याचा हात हलला की हा मोगरी सारी. पण त्या वर्षी देवाला नवा रथ झाला. खालपर्यंत कोरीव फळ्या लावलेला, मोठा देखणा रथ. कोंडोजीने तो पाहिला आणि घरी येऊन जेवला नाही म्हणे. फळ्यांमुळे पलीकडचं काहीच दिसणार नव्हतं.

त्याच्या बायकोला, चिमाबाईला, सगळं ठाऊक होतं. मागून हाक मारली तर नवरा वळत नाही, हे बायकोपासून किती दिवस लपणार? ती म्हणाली, "यंदा धाकट्या भावजींना जाऊ द्या."

"मोगरी सोडली तर गावात मी कोण?" तो म्हणाला.

तिने देवाला साकडं घातलं. माझे कान घे आणि त्यांना दे, म्हणाली. तीन दिवस उपाशी राहिली. देवाने काही ऐकलं नाही. नवऱ्याला तसंच बिनकानाचं रथाकडे जाताना तिने पाहिलं, आणि त्याच्या आधी येऊन ती इथे, या दगडापाशी, उभी राहिली. लोक गुलाल उधळत होते आणि हिचे डोळे रथाच्या वाटेवर होते.

रथ चौकात आला. पहिली हाक झाली. पलीकडच्याने मोगरी सारली, कोंडोजीने नाही. रथ तिरका झाला, पलीकडची मोगरी मोडली आणि रथ उताराला लागला. आणि लोकांनी काय करावं? त्यांना वाटलं, देवाला आज तळ्याची ओढ लागली! जयजयकार झाला, ढोल दुप्पट जोराने वाजू लागले. पुढचा माणूस घसा फोडून हाका देत होता. त्या कल्लोळात कान असलेल्यालाही ऐकू आलं नसतं. पायऱ्यांवरच्या बायकासुद्धा हसतच होत्या.

एकट्या चिमाबाईला कळलं. ती या दगडावर चढली, ढोलवाल्यांच्या अगदी समोर, आणि तिने पदर पसरला. भर उत्सवात, घरंदाज सवाष्ण, भीक मागावी तसा. म्हातारा मुत्तय्या ढोलवाल्यांचा म्होरक्या होता. त्याचे हात जागीच थांबले. मग शेजारच्याचे, मग त्याच्या शेजारच्याचे. काय झालं म्हणून लोक गप्प होत गेले, पार मागच्या गल्लीपर्यंत.

कोंडोजीचा डावा तळहात फरशीवर टेकलेला होता. इतका वेळ ढोलांनी सगळी जमीनच थरथरत होती. आता एकच थरथर उरली, चाकाची. ती त्याला हाताने कळली. आपली मोगरी त्याने सारली आणि हात मागे न घेता दाबून धरली. रथ पायरीपासून वीतभर अंतरावर थांबला. त्याची दोन बोटं मोगरीखालीच राहिली.

मग चाकांना धोंडे लावून झाल्यावर त्याने रक्ताळलेल्या हाताने ती मोगरी उचलली, पुजाऱ्यापुढे ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली."

लोक चिडले, मारायलाही धावले म्हणे. पायऱ्यांवर त्यांचीच पोरं होती, त्यांचं काय चुकलं? पण मुत्तय्या मध्ये पडला. म्हणाला, "याचे कान आमच्या ढोलांनी नेले. मोगरी याच्याकडेच राहू द्या. या चाळीस पावलांत आम्ही वाजवणार नाही."

आजही रथ इथे आला की मोगरीवाल्याची बायको या दगडावर चढते आणि पदर पसरते. वाजंत्री थांबते. हजारो माणसं असतात, आणि तेवढी चाळीस पावलं फक्त चाकांची करकर होत असते. माझी गोमती एकतीस वर्षं उभी राहिली. या मार्गशीर्षात ती गेली.

परवा रथ आहे. वाजंत्रीही यंदा नवी, त्रिचीहून यायची आहे. मी जाऊन सगळं समजावून आलो, त्यांनी माना डोलावल्या, पण दगडावर कुणी दिसलं नाही तर त्यांना आठवेल का, हे मला कळत नाही. सून चेन्नईला असते, वसुधा. तिने काल मोबाईलवर लिहून विचारलं, 'बाबा, साडीची सवय नाही, ओढणी पसरली तर चालेल का?' मी लिहिलं, 'चालेल गं, पण ये.' पुढे तिचं उत्तर नाही. सकाळपासून दहा वेळा फोन काढून बघितला.

हो, मोगरी अजून मीच लावतो. कान? मघापासून तुम्ही जे काही विचारताय ते मी तुमच्या ओठांवरून ओळखतोय. गावाला ठाऊक आहे, आमच्याकडे ते आता लपवावं लागत नाही.

परवापर्यंत राहणार असाल तर या. मुलांना घेऊन खुशाल त्या पायऱ्यांवर बसा, देव तिथूनच चांगला दिसतो. फक्त रथ या दगडापाशी आला की गप्प बसा. दगडावर कुणी नसलं तरी गप्प बसा.