ठेच्यानं जोडलेलं बटण

आमच्या माळेवाडीत नळ बसले, पाणी आलं नाही. टँकरवर जगतो आम्ही. एक दिवस तालुक्याचे वाघचौरे साहेब लॅपटॉप घेऊन आले. तोरा असा, की पाण्याचा शोध यांनीच लावला. पडद्यावर नळयोजना पूर्ण झाल्याचा दाखला आणि खाली एकच हिरवं बटण: 'पाणी मिळाले'.

"सरपंचबाई, दाबा. उद्यापासून टँकर बंद."

आमची सरपंच यमुनाक्का म्हणाली, "'मिळालं नाही' असं बटण कुठाय?"

"त्याची गरज नाही. हे दाबलं की पाणी मिळालं, असं आम्ही धरतो."

"बरं. आधी जेवून घ्या."

अक्कानं भाकरी-ठेचा वाढला, तांब्या मात्र ठेवला नाही. दुसऱ्याच घासाला साहेबाच्या नाकाडोळ्यांतून धार लागली. योजनेचं गावात आलेलं तेवढंच पाणी!

"पाणी! पाणी द्या!"

अक्कानं लॅपटॉप पुढं सरकवला. "दाबा की बटण."

"अहो, त्यानं तहान भागते का?"

"मग गावाची कशी भागंल?"

साहेबानं उचक्या देत, डाव्या हातानं दुसरं बटण जोडलं: 'पाणी मिळाले नाही'. अक्कानं ते दाबलं, मगच तांब्या दिला.

असली बटणं जोडायला कॉलेज शिकावं लागतं म्हणे. आमच्याकडं ठेचा पुरतो.