सुईणीची विचारपूस

फार फार पूर्वी डोंगरांच्या कुशीत एक खोरं होतं. तिथे भागाई नावाची सुईण राहत होती. खोऱ्यातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. बोलावणं आलं की हातातला घास ताटात ठेवून ती निघायची.

एकदा एका घरी बाळ आडवं आलं. भागाईने जिवाचं रान केलं. आई वाचली, बाळ मात्र रडलं नाही. घरातली माणसं एकमेकांना धरून रडली. भागाईने हात धुतले, तोवर दुसऱ्या घरचं बोलावणं दारात उभं. ती तशीच गेली. तिथे सुखरूप मुलगा झाला. तिच्या हातावर गूळ ठेवला गेला. तिने तो तोंडात टाकला, पण गोड लागला नाही.

"तुला काय गं, सवय आहे," शेजारणी म्हणाल्या.

पुढे तिची झोप उडाली. ती चुलीपुढे बसून राहायची आणि तव्यावर भाकरी करपायची. शेजारी तान्हं रडलं की ती कान झाकून घ्यायची. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

एका सकाळी कुंभार धावत आला. "भागाई, चल लवकर! घरात कळा सुरू झाल्यात."

ती उठली, उंबऱ्यापर्यंत आली. पाऊल पुढे पडेना. "मला नाही यायचं," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

"मान दिला तर डोक्यावर बसली," गाव म्हणालं. कुंभार रडत खिंड ओलांडून गेला आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्या सुईणीला, यमुनाक्काला, घेऊन आला. दुपार कलताना कुंभारणीची सुटका झाली. आणखी थोडा उशीर झाला असता, तर दोन्ही जीव हातचे गेले असते.

"तुमची सुईण कुठाय?" यमुनाक्काने विचारलं.

"तिला गर्व झालाय," कुंभार म्हणाला.

"गर्वानं कुठलीच सुईण बाळंतिणीकडे पाठ फिरवत नाही बाबा. मला तिच्या घरी ने." वाटेत तिने कुंभाराकडून मागच्या बाळंतपणांची हकिगत काढून घेतली.

भागाईने दार उघडलं. "रागवायला आलीस ना, आक्का?"

"नाही. जे गेलं, ते बाळ मुलगा होता की मुलगी?"

इतक्या दिवसांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"मुलगी," ती म्हणाली. "मूठ घट्ट मिटलेली होती. मला वाटलं, आता उघडेल..." आणि तिचा बांध फुटला.

यमुनाक्काने उपदेश केला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाली, "माझ्याही हातून बाळं गेलीत गं. वाटायचं, सुईणच रडली तर बाळंतिणीनं कुणाकडे बघायचं? म्हणून उभ्या जन्मात बोलले नाही. आज तुला सांगते." मग तीही बोलली, तीही रडली.

अंगणात उभ्या असलेल्या कुंभाराची मान खाली गेली. गावाला हे त्यानेच जाऊन सांगितलं.

भागाई काही एका दिवसात सावरली नाही. तेवढे दिवस यमुनाक्काने दोन्ही खोरी सांभाळली. भागाई पहिल्यांदा परत बाळंतिणीपाशी गेली, तेव्हा आक्का शेजारी बसून होती. पुढे बाजाराच्या दिवशी दोघी खिंडीत भेटू लागल्या. हळूहळू गावचा वैद्य तिथे येऊन बसू लागला, मसणवट्याचा राखणदारही येऊ लागला. कधी ते बोलत, कधी नुसतेच बसत.

आणि गावाने एक रीत घातली. बाळ जन्मून रडो की न रडो, सुईणीला एकटीने घरी जाऊ द्यायचं नाही. कुणीतरी सोबत चालायचं आणि विचारायचं, "भागाई, तू कशी आहेस?" त्यानंतर खोऱ्यातल्या कुठल्याही बाळंतिणीला खिंडीपलीकडच्या सुईणीची वाट पाहावी लागली नाही.

तात्पर्य : जो सगळ्यांचं दुःख उचलतो, त्याच्या दुःखालाही कुणाचा तरी खांदा लागतो.